मनात पाल चुकचुकते, फॉर्म म्हणतो ‘जोखीम कमी’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी बालसंरक्षणात चार वर्षं काम करते. तीन महिन्यांपूर्वी एका घरी गृहभेटीला गेले होते. घर नीटनेटकं, आई बोलकी, वडील सौम्य, पाच वर्षांचा मुलगा शांत. जोखमीच्या फॉर्मवर स्कोर ‘कमी’ आला. घरातून निघताना मात्र काहीतरी खटकत होतं. काय, ते सांगता येईना, म्हणून कोणाला बोलले नाही. सहा आठवड्यांनी शाळेत त्याच्या पाठीवर वळ दिसले. आता तो नातेवाइकांकडे सुरक्षित आहे. सुपरवायझर म्हणतात, ‘अनुभवी माणसाला वास येतो, त्यावर विश्वास ठेवायला शीक.’ प्रशिक्षणात नेमकं उलट शिकवलं होतं, ‘मन बाजूला ठेवा, फॉर्म बोलू द्या.’ कोणाचं ऐकू? आणि एक, तेव्हापासून प्रत्येक घरात मला तसंच खटकतं.

उत्तर:

आधी एक प्रश्न तुम्हालाच. त्या दिवशी जे खटकलं ते कुठे लिहून ठेवलं होतं का? डायरीत, फोनमध्ये, फॉर्मच्या समासात? पत्रावरून वाटतं, नाही. मग ते नेमकं किती खटकलं होतं, हे आता तुम्हालाही खात्रीने सांगता येणार नाही. शेवट कळला की तो आपल्याला आधीपासून दिसत होता असं वाटायला लागतं, आणि आपली आठवण बदलली आहे हे आपल्या गावीही नसतं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं. त्याच महिन्यात आणखी किती घरांतून निघताना तुम्हाला असंच वाटलं आणि पुढे काहीच झालं नाही? ती घरं आठवणार नाहीत. तेव्हा या एका केसवरून ‘माझं मन बरोबर होतं, मी त्याचं ऐकलं नाही’ असा निकाल लावून स्वतःला कोसू नका. तो निकाल लावायला पुरावा नाही.

आता मूळ प्रश्न. आपल्या क्षेत्रात अंतर्ज्ञानाला एकतर देव्हाऱ्यात बसवतात, नाहीतर दारातून हाकलतात. ते मुळात आहे काय? पूर्वी पाहिलेल्या शेकडो प्रसंगांशी समोरचा प्रसंग मेंदू क्षणात ताडून बघतो आणि जुळला की घंटा वाजवतो. कशाशी जुळला, ते सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी आगीशी झुंजणाऱ्या बंबवाल्यांचा अभ्यास केला आणि त्यांना ही घंटा बऱ्याचदा खरी वाजताना दिसली. दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी तज्ज्ञांच्या ठाम चुका अभ्यासण्यात आयुष्य घालवलं. दोघं एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभे होते, पण २००९ मध्ये त्यांनी मिळून एक लेख लिहिला आणि त्यात दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. पहिली अट, कामाच्या जगात पुरेशी नियमितता हवी, म्हणजे अमुक खुणा दिसल्या की तमुक होतं, असा टिकून राहणारा संबंध हवा. दुसरी, आपला अंदाज बरोबर होता की चूक हे पुन्हा पुन्हा आणि लवकर कळायला हवं. या अटी नसतील तर ‘मला अगदी आतून वाटतंय’ या खात्रीला काही किंमत नाही. खात्री वाटणं आणि बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या अटी तुमच्या कामाला लावून बघा. खोलीत आत्ता काय चाललं आहे हे ओळखण्यात तुमचं मन बऱ्यापैकी तरबेज झालेलं असणार. आई बोलताना मूल आक्रसलं, उत्तर पाठ केल्यासारखं आलं, नवरा आत येताच बायकोच्या आवाजाची पट्टी बदलली. अशा निरीक्षणांचा पडताळा तुम्हाला तिथेच, पुढच्या दोन मिनिटांत मिळत असतो. ‘हे मूल येत्या सहा महिन्यांत सुरक्षित राहील’ हा अंदाज मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत पोचतच नाही. केस बंद होते, कुटुंब दुसरीकडे जातं. मूल घरातून हलवलं, तर ते घरी राहिलं असतं तर काय झालं असतं हे कधीच कोणाला कळत नाही. अशा ठिकाणी वीस वर्षांचा अनुभव म्हणजे पडताळा न झालेला एकच अंदाज वीस वर्षं गिरवलेला असू शकतो. सुपरवायझरांचं ‘वास येतो’ हे अर्धं खरं आहे ते असं. वास आत्ताचा येतो, उद्याचा नाही.

म्हणून खटकलं, तर ते आजचं निरीक्षण समजून हातात घ्या आणि त्याला शब्द द्या. बाहेर पडल्यावर पंधरा मिनिटांच्या आत, फॉर्म उघडण्याआधी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण फॉर्म आधी भरला की त्याचा स्कोर तुमच्या आठवणीलाही रंग देतो. चार गोष्टी लिहा. काय पाहिलं आणि ऐकलं, फक्त क्रियापदांत. किती खटकलं, शून्य ते दहा. याचं घातक नसलेलं स्पष्टीकरण काय असू शकतं. आणि यातलं किती माझ्याकडून आलं असेल.

‘मुलगा शांत होता’ हे निरीक्षण नव्हे, तो निष्कर्ष झाला. तो उलगडला तर कदाचित असं निघेल: चाळीस मिनिटांत तो एकदाही आपणहून आईजवळ गेला नाही. हातातून पाण्याचा पेला सांडला तेव्हा त्याने पाण्याकडे किंवा आईकडे न बघता आधी वडिलांकडे बघितलं. कोपराच्या खरचट्याबद्दल मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, ‘मी पडलो.’ आता याच्याशी काहीतरी करता येतं. पेला सांडल्यावर मोठ्या माणसाचा चेहरा बघणारी मुलं पुष्कळ असतात. न विचारता खुलासा देणारी कमी. तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर दुसरी भेट ठरवायला एवढं पुरे. मूल हलवायला मात्र अजिबात नाही.

तिसऱ्या ओळीचा, म्हणजे दुसऱ्या स्पष्टीकरणाचा, कंटाळा करू नका. ते दोन्ही बाजूंनी कापतं. लंडनमध्ये २००० साली व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी छळ होऊन मरण पावली. तिला सांभाळणाऱ्या नातेवाईक बाईसमोर ती सैनिकासारखी ताठ उभी राहायची. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी त्याचा अर्थ लावला की यांच्याकडे मोठ्यांचा आदर असाच करतात. अंगावरच्या खुणांसाठी एका टप्प्यावर खरजेचं निदान झालं आणि पुढच्यांनी तीच री ओढली. चौकशी करणाऱ्या लॉर्ड लॅमिंग यांचा अहवाल २००३ मध्ये आला. त्यात नोंद आहे की तिला वाचवण्याच्या किमान १२ संधी यंत्रणांच्या हाती आल्या होत्या. त्या माणसांना काही दिसलं नाही असं नव्हतं. दिसलेल्याला निरुपद्रवी अर्थ इतक्या सहज सापडला की दुसरा शोधायची गरजच कोणाला वाटली नाही.

इथे तुमच्या पत्रातली एक गोष्ट आम्हाला जास्त बोलकी वाटली. तुम्ही विचारता, अस्वस्थतेचं ऐकू का? पण ‘घर नीटनेटकं, आई बोलकी, वडील सौम्य’ हेही मनाचंच बोलणं होतं. तेही तितकंच झटपट आणि तितकंच बिनपुराव्याचं. त्याला तुम्ही अंतर्ज्ञान म्हटलं नाहीत, कारण ते गोड होतं. अस्वस्थतेची आपण निदान उलटतपासणी करतो. निश्चिंतपणा न विचारता आत येऊन बसतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट डिंगवॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ब्रिटनमधल्या या कामाचा अभ्यास करून याला आशावादाचा नियम म्हटलं: आईबापांच्या वागण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावायचा. यात वाईट हेतू नसतो. कुटुंबाबरोबर काम करायचं तर विश्वास लागतोच, म्हणून तर तो नियम इतका चिवट आहे. समाजकार्याच्या अभ्यासक आयलीन मन्रो यांनी बालमृत्यू आणि अत्याचारांच्या ४५ ब्रिटिश चौकशी अहवालांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसणारा चुकांचा साचा ओळखीचा वाटेल. जे ठसठशीत, ताजं आणि भावनेला भिडणारं तेवढंच लक्षात राहतं. फाईलमधलं जुनं, रुक्ष, दुसऱ्या विभागाने लिहिलेलं विसरलं जातं. आणि एकदा बनलेलं मत नवा पुरावा येऊनही सहसा हलत नाही.

त्यामुळे शून्य ते दहाचा आकडा निश्चिंत भेटीनंतरही लिहा. शून्य किंवा एक आला तर स्वतःला विचारा, कशामुळे? नीटनेटक्या घरामुळे असेल तर तो आकडा खोडा. स्वच्छ फरशी मुलाच्या सुरक्षिततेबद्दल फार थोडं सांगते. उलट बाजूही तशीच. गरिबी, पसारा, वास, पालकांचं तुटक बोलणं यांनी पोटात गोळा येतो, पण तो बहुतेकदा आपण स्वतः कसे वाढलो त्यातून येतो. चौथी ओळ त्यासाठीच आहे. दिवसाची कितवी भेट? जेवण झालं होतं? या माणसाचा चेहरा कोणासारखा वाटला? आधीच्या फाईलमधला कोणता शब्द डोक्यात घेऊन आत गेले?

आता फॉर्म. प्रशिक्षण देणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं तर त्यांच्यामागे भक्कम पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्ये तज्ज्ञांचे अंदाज आणि साध्या आकडेमोडीचे अंदाज शेजारी ठेवून पाहिले. आकडेमोड बहुतेक वेळा सरस किंवा बरोबरीची निघाली. फॉर्म थकत नाही, कालच्या केसने हादरत नाही, मागची नोंद विसरत नाही. पण तुमचा फॉर्म कुठल्या जातीचा आहे ते विचारून घ्या. काही फॉर्म हजारो जुन्या केसेसचं पुढे काय झालं ते तपासून बनवलेले असतात. काही चार अनुभवी माणसांनी बसून ठरवलेले. दोन्हींवर चौकटी आणि गुण असतात, दोन्ही सारखेच शास्त्रीय दिसतात. दुसऱ्या जातीच्या फॉर्ममध्ये अंतर्ज्ञानच बसलेलं असतं, फक्त दुसऱ्याचं.

चांगल्या फॉर्मकडूनही किती अपेक्षा ठेवायची? एक हिशेब करू, आकडे समजण्यापुरते. १००० कुटुंबांपैकी ५० घरांत वर्षभरात मुलाला गंभीर इजा होणार आहे असं धरा. फॉर्म त्यातली ४० पकडतो. उरलेल्या ९५० पैकी १९० घरांवरही तो चुकून ‘जोखीम जास्त’चा शिक्का मारतो. म्हणजे शिक्का बसला २३० घरांवर, त्यात खरी ४०, साधारण सहात एक. आणि ‘कमी’ म्हणून सुटलेल्या ७७० घरांत १० घरं इजेची आहेत. म्हणजे ‘जास्त’ आला म्हणून पालक दोषी ठरत नाहीत आणि ‘कमी’ आला म्हणून घर सुरक्षित ठरत नाही. तुमचा तो मुलगा त्या दहांतला एक असू शकतो, आणि तरीही फॉर्म नीट भरला गेला होता असं असू शकतं. हाच हिशेब तुमच्या अस्वस्थतेलाही लागू आहे. तिथे फरक इतकाच, की ती कितींना पकडते आणि किती वेळा उगाच वाजते, हे कोणी मोजलेलं नाही.

एक गोष्ट स्पष्टच बोलू, कारण सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी बोलत नाही. बऱ्याच फॉर्मचा स्कोर मनात आधी ठरतो आणि उत्तरं त्याप्रमाणे बसवली जातात. ‘सहकार्य करतात का?’ ला दोन ऐवजी एक दिला की ‘मध्यम’चा ‘कमी’ होतो. मग फॉर्म तुमचं मन तपासत नाही, त्यावर सही करतो. यावर उपाय एकच, प्रत्येक गुणाशेजारी त्याला आधार देणारं एक पाहिलेलं वाक्य लिहा. वाक्य सापडत नसेल तर ‘माहिती नाही’ लिहा. ‘माहिती नाही’ला शून्य धरणं ही फॉर्ममधली सर्वांत महाग चूक आहे. मूल एकटं भेटलेलंच नसताना ‘मुलाला भीती वाटते का?’ ला ‘नाही’ लिहिलेल्या फायली काही थोड्या नाहीत.

फॉर्म आणि मन दोन वेगळ्या दिशा दाखवतात तेव्हा कोण जिंकलं हे ठरवायची घाई नको. ती तफावत हीच माहिती आहे. फॉर्मला जे विचारायला सुचलं नाही ते मनाने टिपलंय, किंवा फॉर्ममध्ये जे धडधडीत आहे ते मन टाळतंय. मील यांचंच एक उदाहरण आहे. अमुक प्राध्यापक आज सिनेमाला जातील असं सूत्र सांगतं, पण त्यांचा आजच पाय मोडला आहे हे तुम्हाला कळलं, तर सूत्र गुंडाळून ठेवा. फॉर्म ओलांडायला असा मोडका पाय लागतो: ठोस, दुसऱ्याला दाखवता येणारा, फॉर्मच्या प्रश्नांत न बसणारा. ‘मला बरं वाटलं नाही’ हा मोडका पाय नव्हे. ती एक्स-रे काढायची चिठ्ठी आहे.

एक्स-रे म्हणजे काय? दहा दिवसांच्या आत, वेगळ्या वेळी, न कळवता दुसरी भेट. मुलाशी एकट्याने बोलणं, दार पूर्ण बंद न करता पण पालक ऐकू शकणार नाहीत असं. प्रश्न उघडे ठेवा. ‘बाबा मारतात का?’ असं विचारलं की उत्तराचा भरवसा संपला. ‘तुला घरी कधी भीती वाटते ते सांग’ हेही अर्धं उत्तर सुचवतं. ‘काल शाळेतून घरी आल्यावर काय काय झालं?’ बरं. त्याचे शब्द त्याच्याच भाषेत, जसेच्या तसे लिहा. मग शाळा, दवाखाना आणि आधीच्या फायली यांतून एका पानावर तारीखवार घटनाक्रम काढा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच सुटतं. सुटी सुटी पाहिली तर प्रत्येक इजा किरकोळ वाटते. एकाखाली एक लिहिली की अकरा महिन्यांत चार ‘पडणी’ दिसतात. आणि ‘त्रास नाही’ हा तुमचा पहिला अंदाज मोडू शकेल असा पुरावा मुद्दाम शोधा. पटवणारा पुरावा न शोधताही सापडतो.

काही वेळा मात्र विचार करत बसायचंच नसतं. अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर काळानिळा डाग दिसला, तर आई किती प्रेमळ वाटते आणि स्कोर किती आला हे दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे तपासणी. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९७३ मुलांच्या पाहणीत सहा महिन्यांखालच्या ३६६ बाळांपैकी फक्त दोघांच्या अंगावर असा डाग होता. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर डाग असेल तरीही तेच, कारण खेळताना पडल्यावर लागतं ते बहुधा गुडघा, नडगी, कपाळ अशा हाडाच्या पुढे आलेल्या भागांना. आणि रंगावरून ‘हा डाग तीन दिवसांपूर्वीचा दिसतो’ असं अहवालात लिहू नका. नुसत्या डोळ्यांनी डागाचं वय खात्रीने सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही.

तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो. प्रत्येक घरात खटकतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या करा. ‘या घरात धोका किती?’ हा एक प्रश्न. ‘किती धोका असला की मी हालचाल करणार?’ हा दुसरा. तुमची धोका ओळखण्याची नजर बदललेली नाही. हालचालीचा उंबरठा खाली सरकला आहे, आणि तो धक्क्याने सरकला आहे, विचाराने नव्हे. हे फुकट पडत नाही. विनाकारण घरातून उचललेल्या मुलाचंही नुकसान होतं. ते बातमीत येत नाही, म्हणून मोजलं जात नाही, इतकंच. पुढचे तीन महिने निर्णयाच्या कागदावर ही दोन उत्तरं वेगळ्या ओळींत लिहा आणि उंबरठा सहकाऱ्याकडून तपासून घ्या.

सुपरवायझरांशी बोलताना ‘मला वाटतं’ने सुरुवात केलीत तर ‘मग कर’ किंवा ‘मग सोड’ एवढंच हाती लागेल. त्याऐवजी आकडा, तीन निरीक्षणं आणि दुसरं स्पष्टीकरण समोर ठेवा आणि विचारा, ‘काय दिसलं तर आपण मत बदलू?’ बैठकीत त्यांनी सर्वांत शेवटी बोलावं अशी विनंती करता आली तर करा. वरिष्ठ आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात. क्लाइन यांची एक युक्ती पाच मिनिटांत होते. धरून चाला की सहा महिने झाले आणि आपला निर्णय साफ फसला. का फसला, ते प्रत्येकाने न बोलता लिहायचं. ‘काही शंका?’ विचारल्यावर गप्प बसणारी माणसं या प्रश्नाला भराभर उत्तरं देतात.

आणि पडताळा कोणी आणून देत नसेल तर तो स्वतः मिळवा. प्रत्येक केसमध्ये एक छोटा, तपासता येणारा अंदाज टक्क्यांत लिहा: ‘सहा आठवड्यांत शाळेची हजेरी सुधारेल, ७०%.’ त्या तारखेला बघा. तीसेक नोंदी झाल्यावर ७०% म्हटलेल्यांपैकी खरोखर किती खरे ठरले ते मोजा. आपलं मन कुठे खरं बोलतं आणि कुठे बढाया मारतं, याचा तुमच्यापुरता हिशेब तुमच्या हातात येईल. नोंदीत मुलाचं नाव नको, केस क्रमांकही नको.

राहिली ती जुनी फाईल. गृहभेटीत जे खटकलं ते आठवतंय तसं तिच्यात नक्की लिहा, पण आजची तारीख घालून, आणि ‘घटनेनंतर आठवून लिहिलेलं’ असं वर स्पष्ट नमूद करून. त्या दिवशीच्या नोंदीत आता एक शब्दही घुसवू नका.